घोंगडी आणि गाणें

चार भिंतींच्या आंत गाणें ऐकणें आणि आभाळाखालीं बसून गाणें ऐकणें हे दोन अगदीं निराळे उद्योग आहेत. पहिल्यास तिकीट पुरतें. दुसऱ्यासाठीं अर्धा संसार हलवावा लागतो. नाट्यगृहांतल्या खुर्चींत बसलेला रसिक आपल्या देहास विसरला तरी चालतें, कारण त्या देहाची काळजी छप्पर, पंखे व गाद्या परस्पर वाहत असतात. उघड्यावर बसणारास मात्र कानांबरोबर पाठ, कंबर, गुडघे आणि टाळू ही मंडळीहि घेऊन जावी लागते. आणि त्यांतल्या एकानें जरी ऐन रंगांत तक्रार मांडली, तरी समोरचा दरबारी जागच्या जागीं राहतो व श्रोता मनानें घरच्या अंथरुणांत जाऊन पोंचतो. संगीतशास्त्रावरचे जे थोडेबहुत ग्रंथ आम्हीं चाळले आहेत, त्यांत श्रोत्याच्या गुडघ्यांविषयीं एक अक्षरहि आम्हांस आढळलें नाहीं. त्या शास्त्राचें हें मोठेंच वैगुण्य होय.

आम्हांस ही विद्या थोडी अधिक शिकावी लागली, कारण आम्ही आर्णीस राहतों. यवतमाळाहून नांदेडाकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, अरुणावतीच्या कांठीं, कापसाच्या मुलुखांत हें तालुक्याचें गांव आहे. आगगाडी येथें नाहीं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव गांठावयाचा म्हणजे येथून साऱ्या रात्रीचा मोटारीचा प्रवास, आणि तोहि डिसेंबरच्या थंडींत. महाविद्यालयांत मुलांना इंग्रजी शिकविणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें असल्या भानगडींत पडूं नये, असें आमच्या कित्येक स्नेह्यांचें मत आहे. हीं मंडळी गाणें मोबाइलवर ऐकतात व आमची कींव करतात.

दिवाळीचा फराळ संपला कीं आमच्या घरीं या मोहिमेचीं बोलणीं सुरू होतात. सतरंजी कोणती न्यावयाची, हा पहिला प्रश्न. घरांत दोन आहेत. एक जाड, ती जमिनीचा गारठा अडविते, पण तिची वळकटी काखेंत मावत नाहीं. दुसरी पातळ, ती सहज मावते, पण तिच्यावर बसणें म्हणजे भुईवरच बसणें. दुसरा वाद घोंगडीचा. एका धनगराकडून घेतलेली काळी घोंगडी आमच्याकडे फार वर्षांपासून आहे. ती टोंचते, तिला वास येतो, आणि पुण्याच्या चारचौघांत ती शोभत नाहीं, अशी सौभाग्यवतींची तीन कलमांची तक्रार. शालीनें थंडी भागत नाहीं, हें आमचें एका कलमाचें उत्तर. दरवर्षीं शाल त्यांच्या पिशवींत जाते व घोंगडी आमच्या काखेंत. आणि रात्रीं दहाच्या पुढें शाल घडी केलेलीच राहून घोंगडी दोघांच्या गुडघ्यांवर येते, हें येथें नमूद करून ठेवितों. मग कानटोपी, चष्म्याची दुसरी जोडी, चहाचा थर्मास, दशम्या, तिळाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू. पुण्यांत खावयास मिळत नाहीं असें नाहीं. परंतु खाण्यासाठीं उठलेला मनुष्य गर्दींतून वाट काढीत आपल्या जागेवर परत येतो, तों विलंबित संपून द्रुत सुरू झालेली असते. ज्यास पूर्ण ख्याल ऐकावयाचा आहे त्यानें लाडू जवळ बाळगावा.

सामानाची तयारी एवढीच नव्हे. आणखी एक तयारी असते, तिची यादी करतां येत नाहीं. कांहीं लोक परीक्षेस बसणाऱ्या पोरांप्रमाणें रागांचीं नांवें, आरोह-अवरोह, घराण्यांचीं वैशिष्ट्यें पाठ करून येतात. गवयाचा पहिला षड्ज लागतो न लागतो तोंच ते शेजाऱ्याच्या कानांत रागाचें नांव सांगतात, आणि अंदाज बरोबर निघाला कीं त्यांचें गाणें संपतें. पुढचा तासभर गवई स्वतःसाठीं गातो. आमची पद्धति उलट आहे. कोणाकोणाचें ऐकावयाचें नाहीं, हें आम्ही आधीं ठरवितों. सकाळपासून बसून सगळेंच ऐकणारा मनुष्य संध्याकाळपर्यंत बहिरा होतो; त्याचे कान उघडे असतात, पण आंत जागा नसते. दुपारीं तास-दीड तास झोंप, हलकें जेवण, आणि गाण्याच्या आधींचा अर्धा तास मौन. एवढें पाळलें तर अगदीं अडाण्यालाहि गाणें कळूं लागतें, असा आमचा दावा आहे.

इंग्रजीच्या प्राध्यापकास एक उदाहरण दिल्यावांचून राहवत नाहीं. १७६९ सालीं गॅरिक नांवाच्या थोर नटानें शेक्सपिअरच्या जन्मगांवीं, स्ट्रॅटफर्डास, मोठा उत्सव मांडला. गाणीं रचवून घेतलीं, मिरवणूक आंखली, नदीकांठीं मंडप उभारला. पाऊस असा लागला कीं नदीच मंडपाच्या भेटीस आली व मिरवणूक निघालीच नाहीं. त्या उत्सवाचें संगीत करणाराचें नांव टॉमस आर्न होतें. आमच्या आर्णीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. सांगावयाचें इतकेंच कीं, उघड्यावरच्या गाण्यास आभाळ हा एक आगंतुक साथीदार असतो, आणि तो ठेका केव्हां बदलील याचा नेम नसतो.

पुण्याच्या उत्सवाची कथा वाचकांस बहुतेक ठाऊकच आहे. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ सालीं वारले. दुसऱ्याच वर्षीं त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनीं गुरूच्या पुण्यतिथीचा हा उत्सव पुण्यांत सुरू केला. पुढें भीमसेन २०११ च्या जानेवारींत गेले, आणि आतां गुरूच्या नांवाशेजारीं शिष्याचेंहि नांव उत्सवास जोडलेलें आहे. रमणबागेच्या पटांगणांत तो वर्षानुवर्षें भरत आला. २०१८ पासून मुकुंदनगरांत भरूं लागला. पूर्वीं तो रात्रभर चाले. २००० सालच्या ध्वनिनियमांनीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद केले. सरकारच्या विशेष परवानगीनें वर्षांतून पंधरा दिवसच तेवढी बारापर्यंत मुभा. हा नियम आम्हांस मान्य आहे. परीक्षेच्या रात्रीं खिडकीखालीं भोंगा लागला म्हणजे मुलांचे काय हाल होतात, हें आम्हीं पाहिलें आहे. पण त्या नियमाबरोबर मैदानांतून उत्तररात्र गेली. ललत, भटियार हे राग त्यांच्या वेळेला, दंवानें ओल्या झालेल्या घोंगडींत गुरफटून ऐकणें हा अनुभव आतां बहुतेक आठवणींतच राहिला आहे.

या उत्सवाच्या वंशावळीकडे मात्र लोकांचें फारसें लक्ष जात नाहीं. सवाई गंधर्वांचे गुरु अब्दुल करीमखां. ते १९३७ सालीं वारले आणि मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांस मूठमाती देण्यांत आली. त्या दर्ग्याच्या उरुसांत गवई व वादक आपली हजेरी लावीत आले आहेत. तेथें आमंत्रणपत्रिका नाहीं, बिदागीचा सौदा नाहीं; गाणें ही एक चादर समजून ती चढवावयाची. त्याच मिरजेंत सतारी व तंबोरे करणारांच्या पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत, आणि त्यांच्या वाद्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. म्हणजे आज पुण्याच्या भव्य मंडपांत जो स्वर आपण ऐकतों, त्याचें मूळ एका गांवच्या दर्ग्याच्या अंगणांत, त्या गांवच्या कारागिरांच्या हातांत आणि त्या अंगणांत बसणाऱ्या श्रोत्यांत आहे. मोठें गाणें आभाळांतून पडत नाहीं.

मागच्या खेपेस याच मंडपाच्या दारापाशीं एक गोष्ट घडली. तिकिटें पाहून माणसें आंत सोडणाऱ्या पहारेकऱ्यांत एक बाविशीचा तरुण होता. त्यानें आमच्या काखेंतली घोंगडी पाहिली, मग तोंडाकडे पाहिलें, आणि वांकून नमस्कार केला. “सर, मी आर्णीचा. आमाले तुमचा इंग्रजीचा तास होता.” गांव आर्णीपासून चार कोसांवर. दिवसां चाकणच्या एका कारखान्यांत कंत्राटी काम, आणि असे उत्सव असले कीं रात्रीचा पहारा. गाणें आवडतें का, असें आम्हीं विचारिलें.

“आवडते ना सर. मी खंजिरी वाजवतो. म्हंजे वाजवत होतो. इथं डोये तिकिटावर अन् कान आत.” मग थोडा थांबून म्हणाला, “सर, आमचं भजनी मंडळ चालू हाय का हो? मी अन् आनखी तिघं इकडं आलो. मांगं झील कोन धरते, काई समजत नाही.”

आर्णीस परत गेल्यावर पाहून येऊं, असें आम्हीं त्यास सांगितलें.

आमच्या या मुलुखांत गाण्याचा दुष्काळ कधींच नव्हता. पोळ्याच्या दिवशीं तोरणाखालीं बैल उभे राहिले कीं गांवोगांव झडत्या म्हणतात. एकानें टाकावी, दुसऱ्यानें तिच्यावर चढवावी, अशी ती काव्याची कुस्तीच असते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत अंगणांअंगणांत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात. दिवाळीच्या सुमारास गोंड-कोलामांच्या वस्त्यांवर दंडार रंगते. होळी जवळ आली कीं बंजारा तांड्यांवर दफ वाजूं लागतो आणि लेंगी गात स्त्री-पुरुष फेर धरतात. बंजाऱ्यांच्या बोलीस स्वतःची लिपि नाहीं. त्यांचा इतिहास त्यांच्या गाण्यांतच लिहिलेला आहे. माहूर येथून फार दूर नाहीं, तेव्हां रेणुकेचे गोंधळी व त्यांचें संबळ हेंहि आमच्या कानांवरचेंच. यांतल्या एकाहि गाण्यास छप्पर नाहीं. लग्नसराईंत मात्र वाजंत्र्यांच्या जागीं आतां मोटारीवर चढविलेले भोंगे आले आहेत, आणि ज्यांच्या घरीं सनई खुंटीला टांगली गेली त्यांचीं मुलें ती उतरवून घेत नाहींत.

आणि आर्णीचें सर्वांत मोठें मैदानी गाणें म्हणजे बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्याचा उरूस. हिंदु-मुसलमान दोघांचीहि त्या दर्ग्यावर श्रद्धा आहे. उरुसांत संदल निघतो, दुकानें लागतात, कव्वालीचा फड रंगतो. ‘कंबलपोश’ या शब्दाकडे आमचें भाषेच्या शिक्षकाचें मन पुनःपुन्हां वळतें. ‘पोशाख’ या आपल्या रोजच्या शब्दांत जो ‘पोश’ आहे तोच हा. कंबलपोश म्हणजे कांबळें पांघरणारा. ‘सूफी’ हा शब्दहि लोकरवाचक ‘सूफ’ या अरबी शब्दावरून आला, असें बहुतेक पंडित मानतात. इकडे अमरावती जिल्ह्यांत जन्मलेल्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक त्यांच्या चिंध्यांच्या पांघरुणावरून गोधडे महाराजहि म्हणत. दिवसां त्यांनीं गांव झाडावा व रात्रीं त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन करावें. याच जिल्ह्यांतल्या यावलीचे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरी घेऊन हजारोंच्या समुदायापुढें मराठींत व हिंदींत भजनें गात हिंडले. आज अमरावती विद्यापीठास पहिल्याचें व नागपूर विद्यापीठास दुसऱ्याचें नांव आहे. आमच्या विदर्भांतलीं दोन जुनीं विद्यापीठें दोन मैदानी गायकांच्या नांवानें चालतात, आणि त्यांच्या पदव्या घेऊन बाहेर पडलेले आम्ही सुशिक्षित लोक गाणें म्हटलें कीं पुण्या-मुंबईचें वेळापत्रक पाहतों! हा विनोद कोणी मुद्दाम केलेला नाहीं. तो आपोआप झाला आहे.

पुण्याहून परत आल्यावर सौभाग्यवतींनीं नेहमींप्रमाणें जमाखर्च मांडला. गाडीभाडें, मुक्काम, तिकिटें, शिवाय दोन पुस्तकें. वही मिटतांना त्या म्हणाल्या, “अहो, त्या मुलाच्या मंडळाला आपण कांहीं द्यायला नको का? एवढ्याच्या निम्मे तरी.” आम्हांस तें पटलें, आणि पुढच्या रविवारीं पाकीट खिशांत घालून आम्ही दोघेंहि त्या गांवीं गेलों.

मंडळाचे प्रमुख साठीचे शेतकरी आहेत. कापूस वेंचून झालेल्या शेताच्या धुऱ्यावरच त्यांची गांठ पडली. पोरगें पुण्यास भेटलें, हें ऐकून त्यांस आनंद झाला. पाकिटाकडे मात्र त्यांनीं पाहिलें नाहीं. “पैशाचं राहू द्या सर. वर्गनी देनारे हायेत. गनपतीले देतेत, सप्त्याले देतेत. आयकनारा नाही. लोक पावती घेतेत अन् घरी जातेत.” मग त्यांनीं मंडळाची स्थिति सांगितली. पूर्वीं चौदा जण बसत, आतां सात. पेटी वाजविणाराचे हात थरथरतात. येत्या पंधरवड्यांत एका गांवीं खंजिरी-भजनाची स्पर्धा होती; तेवढी करावी, आणि पेटी शाळेस देऊन मोकळें व्हावें, असें सगळ्यांनीं ठरविलें होतें. हें सर्व ते अगदीं सहज सांगत होते; म्हातारा बैल विकण्याची गोष्ट शेतकरी जशी सांगतो तसें. निघतांना म्हणाले, “त्या रोजी या. येऊन बसजा. तेवढंच.”

बसावयाचें म्हणजे तयारी करावयाची. सौभाग्यवतींनीं माळ्यावर नुकतीच चढविलेली जाड सतरंजी पुन्हां खालीं काढली. घोंगडी, कानटोपी, थर्मास, लाडू, सगळें सामान पुण्याचेंच, दशम्याहि झाल्या. दुपारीं आम्ही झोंप काढली. आमची ही सिद्धता पाहून शेजारच्या वकीलसाहेबांनीं कुठल्या गांवच्या महोत्सवाची स्वारी, असें विचारिलें. भजनस्पर्धेस जातों म्हणतांच ते हंसले. त्यांचें हंसणें आम्ही समजूं शकतों. पुण्यास घोंगडी घेऊन जाणारा मनुष्य रसिक ठरतो. चार कोसांवरच्या खेड्यांत ती घेऊन जाणारा चक्रम ठरतो.

स्पर्धा सहास सुरू व्हावयाची होती. साडेसातास दिवे लागले. व्यासपीठावर लाल आवरणांच्या खुर्च्यांची रांग होती आणि तिच्यावर पाहुणे बसले. मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, भाषण; शाल, श्रीफळ, भाषण. एका वक्त्यानें लोककलेच्या ऱ्हासाविषयीं पंचवीस मिनिटें खेद व्यक्त केला, आणि त्या वेळांत एका मंडळाचें गाणें सहज झालें असतें. गाणारे खालीं, बाजूला, मातींत बसून होते. वेल्स नांवाच्या चिमुकल्या देशांत आइस्टेडफॉड म्हणून गाण्याचा व काव्याचा उत्सव भरतो. त्याचें मूळ ११७६ सालापर्यंत नेतात. लॉर्ड रीस नांवाच्या सरदारानें कार्डिगनच्या किल्ल्यांत कवींना व वादकांना जमविलें, आणि त्यांत जो श्रेष्ठ ठरला त्यास आपल्या पंक्तीस खुर्ची दिली. आजहि तेथें सर्वश्रेष्ठ कवीस बक्षीस म्हणून खुर्चीच देतात. खुर्ची कलावंताला, ही त्यांची रीत. खुर्ची पाहुण्याला आणि भुई कलावंताला, ही आमची. इंग्रजांच्या भाषेच्या दाराशीं राहून त्या एवढ्याशा लोकांनीं आपली भाषा कशी टिकविली, याचें निम्मे उत्तर त्या एका खुर्चींत असावें.

आमच्या मंडळाची पाळी येण्यास उशीर होता. बाजूस त्यांनीं पऱ्हाट्यांची लहानशी शेकोटी पेटविली होती. आतां बहुतेक खंजिऱ्यांना फायबर असतो. पण यांच्या एका जुन्या खंजिरीवर अजून कातडें आहे, आणि दंवानें तें सैल पडतें. प्रमुख ती आंचेवर धरून, टिचकी मारून, कानाशीं नेऊन पाहत होते. दर दहा मिनिटांनीं एकदां. त्या भाषणांच्या दीड-दोन तासांत त्यांनीं ती खंजिरी किती वेळ शेकली असेल! आम्ही लाडू जवळ ठेवितों, ते विस्तव जवळ ठेवितात. गाणें येईपर्यंत स्वतःस तयार ठेवणें दोघांसहि सारखेंच.

पावणेदहास त्यांचें नांव पुकारलें गेलें. सात माणसें बसलीं, आणि त्यांच्या मागें परकर-पोलक्यांतल्या दोन मुली, वय बारा-तेरा. पहिलें भजन संपतें न संपतें तों दहा वाजले. बंदोबस्ताच्या शिपायानें घड्याळाकडे बोट केलें आणि ध्वनिवर्धक बंद झाला. तो नियमाप्रमाणेंच वागला. खुर्च्या रिकाम्या झाल्या. परीक्षकहि कागद गुंडाळून उठले, कारण वेळ संपली होती. पटांगणांतली गर्दी सुटूं लागली. ज्यांच्या अंगावर पातळ कपडे होते ते आधीं गेले. ज्यांस बसावयास कांहीं नव्हतें ते त्यांच्या मागून गेले. उरले तीस-चाळीस लोक, आणि ते सारे अंथरूण-पांघरूण घेऊन आलेले होते. कांहीं म्हातारे, कांहीं बाया, एक गुराखी. कोणीं सांगितलें नसतां सगळ्यांनीं आपापल्या घोंगड्या-गोधड्या उचलल्या आणि पुढें सरकून मंडळाभोंवतीं कडें केलें.

मग खरें गाणें सुरू झालें. भोंग्यांतून येणारी खंजिरी आम्हीं पुष्कळ ऐकली आहे. ती कर्कश असते. हातभर अंतरावरून ऐकलेली खंजिरी हें वेगळेंच वाद्य आहे. बोटाच्या टोंकाचा नाद निराळा, तळव्याचा निराळा, आणि चकत्यांची किणकिण त्या दोहोंच्या मधून पाण्यासारखी वाहते. पेटीवाल्याचे हात थरथरत होते खरे, पण सुरावर पडतांच ते थांबत. प्रमुखांचा आवाज वरच्या पट्टींत फाटत होता. तेथें त्या दोन मुली मागून झील उचलीत आणि तो फाटका सूर झांकून पुढें नेत. पुण्यास आम्ही जसे ऐकतों तसेच येथें ऐकत होतों. कमी नाहीं, जास्त नाहीं. तुलना करण्याचें मनांतहि आलें नाहीं. साडेअकरापर्यंत सात भजनें झालीं. आमच्या थर्मासमधला चहा गाणारांस पुरला, आम्हांस उरला नाहीं.

त्यांस बक्षीस मिळालें नाहीं. वेळेबाहेर गाइलेलें गाणें परीक्षकांच्या कागदावर असण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशीं पेटी शाळेंत जावयाची होती, ती गेली नाहीं. कां, तें आम्हीं विचारिलें नाहीं. दर गुरुवारीं ते मारुतीच्या पारावर बसतात. एक गुरुवार सोडून आम्ही दोघें जातों. वकीलसाहेब एकदां आले होते. त्यांनीं सतरंजी आणली नव्हती, म्हणून ते अर्ध्या तासानें उठले. परंतु पुढच्या खेपेस कोणती सतरंजी बरी, याची त्यांनीं चौकशी केली आहे. ठरविलेले पैसे अजून पाकिटांतच आहेत. पेटीच्या भात्यास नवें कातडें बसविण्यापुरते घ्या, असें आम्हीं हळूच सुचविलें आहे, आणि प्रमुखांनीं या खेपेस नाहीं म्हटलेलें नाहीं.

चाकणच्या त्या मुलास आम्हीं फोनवरून सर्व हकीकत कळविली. त्यानें बक्षिसाचें विचारिलें नाहीं. “सर, झील कोनं धरली?” एवढेंच म्हणाला.

सातवींतल्या दोन मुलींनीं, असें आम्हीं सांगितलें.

“पोरीइनं?” पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता; बहुधा पाळी बदलावयाची वेळ असावी. बऱ्याच वेळानें त्यानें विचारिलें, “सूर सोडत तं नाही ना?”

“नाहीं,” आम्ही म्हणालों, “सोडत नाहींत.”